कोंबडीचं पाणी

४ फेब्रुवारी

चि. डॉक्टर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तू माणसं सोडून जनावरांचा डॉक्टर झालास तेव्हा मी नाक मुरडलं होतं. ते आज परत घेते, कारण गरज पडली आहे. आमचे साहेब आंधळे झाले. तीन वर्षांचं मांजर, आणि भर दुपारी खुर्चीच्या पायाला धडकतं. डोळ्यांच्या बाहुल्या या एवढ्या मोठ्या, दिव्यासमोर धरलं तरी लहान होत नाहीत. जिना चढताना चौथ्या पायरीवर धापा टाकत बसतात.

हे कुणी केलं ते मला ठाऊक आहे. खालच्या मजल्यावरच्या माझ्या धाकट्या जावेने. पुरावा सांगते. दोन महिन्यांपूर्वी तिने सामाइक जिन्यावरचं चपलांचं कपाट आणि चार कुंड्या आपणहून हलवल्या. इतकी वर्षं तिने तिथली एक कुंडी इकडची तिकडे केली नव्हती! म्हणजे विष घालायचं आधीच ठरलं होतं, आणि साहेब धडपडून आपल्या कुंड्या फुटू नयेत म्हणून ही आवराआवर.

आमचा अबोला का आहे ते तुला माहीत आहेच. मी एकतीस वर्षं इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायचा विभाग सांभाळला. आणि ही बाई भरल्या घरात म्हणते की ताईंचं चाललं तर त्या पाहुण्यांनाही उकळूनच आत घेतील. सगळे खो खो हसले. अकरा वर्षं झाली, तो हशा अजून माझ्या कानात आहे.

कोणत्या विषाने असं होतं तेवढं कळव. उट्टं कसं काढायचं ते माझं मी बघते. आत्याची आठवण कामापुरती न ठेवता ठेवावीस.

तुझी आत्या

९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसलो आणि मग गंभीर झालो. मला हे विषाचं लक्षण दिसत नाही. तिथल्या डॉक्टरांकडे साहेबांचे डोळे आणि मुख्य म्हणजे छाती तपासून घे. धापा टाकतात हे मला डोळ्यांपेक्षा जास्त टोचलं. आणि त्यांना रोज काय खायला घालतेस, कसं करतेस, ते सगळं लिही. अगदी सगळं.

तोवर काकूंच्या वाटेला जाऊ नकोस, ही हात जोडून विनंती. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भाचा

२० फेब्रुवारी

चि. डॉक्टर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तपासणी झाली. डोळ्यांचा मागचा पडदा सुकला आहे म्हणे. हृदय फुगलं आहे, भिंती पातळ झाल्या आहेत, जोर राहिलेला नाही. डॉक्टर म्हणाले की असंच चाललं तर फार दिवस नाहीत. ते ऐकून मी तिथल्या बाकावर बसून रडले. एकतीस वर्षांत कुणी मला रडताना पाहिलं नव्हतं, ते त्या कंपाउंडरने पाहिलं.

खाण्याचं म्हणशील तर इतकं स्वच्छ कुणाचं मांजर खात नसेल. बाजारचे डबे मी दोन वर्षांपूर्वीच बंद केले. फक्त कोंबडीच्या छातीचं पांढरं मांस, बारीक तुकडे, कुकरमध्ये चाळीस मिनिटं. ते पाणी फेकायचं, नवं पाणी घालून पुन्हा वीस मिनिटं, तेही फेकायचं. मागल्या पायरीशी ओतते, तिथून ते गटारात जातं. तिथे खालचीचा बोका, गुंड्या, जीभ बाहेर काढून बसलेलाच असतो. लोण्यासारखी कातडी आणि बटणासारखे डोळे, मेल्याचे.

मेल्याचे म्हणजे, होते. तुझं पत्र मिळालं, पण उशिरा. तेरा तारखेला मी गुंड्याला माझ्या जुन्या निर्जंतुकीकरणाच्या ड्रममध्ये घातलं. त्याला बाजूने भोकं असतात, जिवाला धोका नाही. भाजीच्या टेम्पोवाल्याने त्याला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मासळीबाजारात सोडलं. ड्रम मात्र अजून परत आणला नाही.

आता रोज संध्याकाळी सहाला ती माझ्या खिडकीखाली उभी राहून त्याला हाका मारते. मी दिवा लावून खिडकीत बसते, तिला मी दिसावी म्हणून. काय समाधान होतं म्हणून सांगू! तू मला वाईट म्हणशील. म्हण. साहेबांनी माझा चेहरा पुन्हा कधी बघायचा?

आशीर्वाद आहेतच.

तुझी आत्या

२४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, खाली बस आणि मग वाच.

टॉरिन नावाचा एक पदार्थ असतो. हृदयाचे स्नायू नीट आवळायला, डोळ्याचा पडदा जिवंत राहायला, पित्ताचं काम चालायला तो लागतो. तुझं माझं शरीर तो घरच्या घरी बनवतं. मांजराला तो पुरेसा बनवता येत नाही, खाण्यातूनच मिळावा लागतो. तो मांसात असतो, त्यातही पांढऱ्या मांसात कमी. आणि तो पाण्यात विरघळतो. उकळलं की मांसातून निघून पाण्यात जातो.

तू दोन वर्षं साहेबांना धुतलेला चोथा खायला घातलास. त्यांचं हृदय आणि त्यांचे डोळे तू रोज मागल्या पायरीशी ओतत होतीस, आणि गुंड्या ते पीत होता. काकूंनी काही केलेलं नाही.

टॉरिनची पूड पाठवत आहे, दिवसातून दोनदा. तिथल्या डॉक्टरांची औषधंही चालू ठेव. हृदय सावरण्याची बरीच आशा आहे. डोळे येणार नाहीत. आणि मासळीबाजारात जा. मी तुझी बाजू आयुष्यभर घेत आलो, या वेळी घेता येत नाही. तरी लोभ आहे, म्हणून इतकं लिहिलं.

तुझा भाचा

२२ मार्च

धाकट्या जाऊबाईस,
आशीर्वाद लिहिण्याचा हक्क राहिला आहे की नाही ठाऊक नाही.

अकरा वर्षांत तुझ्याशी बोलले नाही, आता तोंडाने बोलायची हिंमत नाही, म्हणून दाराखालून हे सरकवते. तुझा गुंड्या मी घालवला. मासळीबाजारात सोडायला लावला. माझ्या मांजराला तू विष घातलंस असं मी धरून चालले होते. ते मीच केलं होतं, माझ्याच कुकरने. साहेब आता जिन्याच्या सहा पायऱ्या न थांबता चढतात. दिसत काहीच नाही.

मी सात वेळा त्या बाजारात जाऊन आले. कोळणी मला नावाने ओळखू लागल्या. गुंड्या नाही सापडला. तू रोज हाका मारतेस आणि मी उशीत डोकं खुपसते. माझ्याशी काय वागायचं ते वाग, मी हूं की चूं करणार नाही. फक्त त्या हाका थांबव.

तुझी थोरली जाऊ

२२ मार्च, दुपारी

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, मीही तसंच लिहिते.

चपलांचं कपाट आणि कुंड्या मी हलवल्या, कारण तुमचे साहेब त्यांना धडकत होते. तुमच्या आधी माझ्या लक्षात आलं. वर येऊन सांगणार होते. पण अकरा वर्षं दार उघडलं नव्हतंत, तेव्हा निदान जिना मोकळा केला. न सांगण्यात माझं चुकलं, ते मला कायम खात राहील.

टेम्पोवाला भित्रा आहे. तिसऱ्या दिवशी तो माझ्यापुढे रडला. त्याच्याबरोबर जाऊन मी गुंड्याला त्याच ड्रममध्ये घालून आणलं आणि माझ्या माहेरी ठेवलं. तो सुखात आहे, मासे खाऊन आणखी फुगला आहे. ड्रम घासून तुमच्या दाराशी ठेवला आहे. उकळला नाही.

राहिल्या हाका. सोळा फेब्रुवारीपासून मी रोज सहाला तुमच्या खिडकीखाली उभी राहिले. सुरुवातीला तुम्ही दिवा लावून बसत होतात, मी बघत होते. फेब्रुवारी संपता संपता दिवा लागेनासा झाला. तेव्हा कळलं की आता पोचतंय, म्हणून आवाज आणखी चढवला. गुंड्या सापडलेला होता, ताई. हाका तुम्हाला मारत होते.

आजपासून बंद करते. लोभ होता की नाही ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
खालची