नमुना फ्लॅटमधला पुऱ्या मापाचा पलंग

प्रिय मामा,

नमस्कार उभ्यानेच करते आहे, कारण वाकलं की कंबर बोलते (का, ते पुढे येईलच). मामीचा गुडघा काय म्हणतो? तुमची करवत अजून दुपारी शेजाऱ्यांची झोप उडवते ना? मी मजेत आहे, आणि सध्या भावी नेता आहे.

हसू नका. आमच्या बिल्डर साहेबांनी कुठल्याशा परिषदेत ऐकलं की घरबांधणीचा धंदा उद्या तरुणांच्या हाती जाणार. परतले ते तरुण शोधतच. ऑफिसात तिशीच्या आतले दोघंच निघालो, मी आणि आमचा तक्ता (चहा हवा का विचारलं तरी हा आधी तक्ता काढतो). आमच्या छातीवर ‘भावी नेतृत्व’ असे बिल्ले लावून साहेबांनी जाहीर केलं की शनिवारी साइट आम्ही दोघांनीच सांभाळायची. ज्याच्या हातून बुकिंग होईल तो कायम, दुसऱ्याला नारळ. माझी उमेदवारी या महिनाअखेर संपतेय, त्यामुळे बिल्ल्यापेक्षा मला नारळच जास्त दिसत होता.

आता धंद्यातलं एक गुपित सांगते, तुम्ही सुतार आहात म्हणून. नमुना फ्लॅटमधलं सामान मुद्दाम लहान मापाचं करून घेतात, म्हणजे खोली ऐसपैस दिसते. आमचा पलंग पाच फुटी. शनिवारी पहिलंच गिऱ्हाईक आलं ते शाळेतले उंचपुरे खेळशिक्षक. पलंगावर आडवे झाले आणि पाय गुडघ्यापासून बाहेर. हा लहान मुलांचा का, असं त्यांनी विचारलं. नेत्याने खरं बोलावं म्हणून मी खरं सांगितलं. ते बूट घालून निघून गेले. तक्त्याने त्याची लगेच नोंद केली.

मग मला स्फुरण चढलं. तडक टेम्पो केला, माझ्या भाड्याच्या खोलीवरून तुम्ही दिलेला साडेसहा फुटी पलंग उचलला आणि दोन गवंड्यांच्या मदतीने चार जिने चढवला (कंबर तिथेच गेली). तो बसला, पण कपाट उघडेना आणि खिडकीशी जायचं तर खेकड्यासारखं आडवं चालावं लागे. तक्ता आनंदाने शिट्टी वाजवू लागला.

संध्याकाळी एक बस ड्रायव्हर आणि त्याची नर्स बायको आली. दोघंही ड्युटीवरून थेट. तो टेकतो म्हणाला आणि चक्क घोरायला लागला. बायकोने तेवढ्यात टेपने खोली मोजली, कपाट कुठे सरकवायचं ते ठरवलं आणि मला म्हणाली, “सहा महिने घरं बघतोय. यांचे पाय मावलेलं हे पहिलंच.” अर्ध्या तासाने त्याला उठवून तिने बुकिंगच्या फॉर्मवर सही करायला लावली. मामा, मला रडू आलं, खरंच. सोमवारी ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली (नेमकी दुखणारी).

तुमची,
बिल्लेवाली भाची

ता. क. त्या फॉर्मवर बाईंनी ‘पलंगासह’ असं लिहिलं होतं. मी आधी सही केली, मग वाचलं. तेव्हा अगदी तसाच दुसरा करून द्याल का? सध्या मी सतरंजीवर झोपते.

ता. क. २. आईला यातलं काही कळू देऊ नका. पाहुणे आले होते, त्यांनी मोडला, असं माझं ठरलंय.

ता. क. ३. साहेबांना तुमचं काम फार आवडलं. नव्या साइटसाठी सहा पलंग हवेत म्हणून ते तुम्हाला फोन करतील. मात्र पाच फुटी. मला नोकरीत कायम केल्याचं पत्र त्यांच्या खणात तयार आहे, तुमचा होकार आला की हातात देणार आहेत. तरी मामा, तुम्ही नाहीच म्हणा. नोकरी मी दुसरी बघेन.