दोन्हीकडचा उजवा कोपरा

सोम. २९ नोव्हें. १९८२

आज पुन्हा शिक्षा. ग्राउंडला पाच फेऱ्या. का, तर काल कबड्डी मंडळाबरोबर मनमाडला गेले होते आणि आज शाळेच्या सरावाला उशिरा पोचले. देशमुख सर (आमचे पी.टी.चे) सगळ्यांसमोर म्हणाले, "आल्या महाराणी. मनमाडहून बँड नाही आणलात बरोबर?" पोरी फिदीफिदी हसल्या. नंदासुद्धा. ती वर्गात माझ्या बाकावर बसते, संघातही माझ्याच शेजारी असते. तिने तरी हसायला नको होतं.

मनमाडला आम्ही रेल्वे कॉलनीच्या बायकांना हरवलं. ते कोणी विचारलं नाही. तो शाळेचा चषक नाही ना.

बुध. १ डिसें.

लिहूनच काढते, म्हणजे डोक्यातून जाईल.

शाळेत मी उजव्या कोपऱ्यात, शेजारी नंदा. सरांचं म्हणणं, साखळीतला हात मरेपर्यंत सोडायचा नाही. चढाईवाली आत आली की दोघींनी मिळून तिला कोंडायचं.

मंडळातही मी उजव्या कोपऱ्यातच. शेजारी शांताताई. माहेर दिंडोरीचं, लग्न होऊन पंचवटीत आलेली, एक मुलगा, दंड माझ्या मांडीएवढे. तात्या तिथले शिकवणारे. त्यांचं म्हणणं, समोरचीचा पाय जवळ आला की हात सोड आणि घोट्यावर झेप टाक, बाकीचं शांता बघेल. आणि शांताताई बघतेच. मी घोटा धरायच्या आत ती वरून पडलेली असते.

सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. आज सकाळी हात सोडला, सरांची बोलणी खाल्ली. संध्याकाळी सोडला नाही, तात्यांची. "अगं पोरी, हाताला काय सोल्युशन लावलंय का?" (तात्यांचं सायकलचं दुकान आहे. त्यांना सगळीकडे पंक्चरच दिसतं.)

वैताग आलाय. हात माझाच आहे, पण माझं ऐकत नाही.

शनि. ४ डिसें.

हरलो. आंतरशालेय, उपांत्य फेरी. एका गुणाने.

शेवटची चढाई त्यांची. ती मुलगी माझ्याच कोपऱ्यात आली, पाय लांब टाकला, आणि मी विचार करायच्या आत हात सोडून खाली गेले. घोटा पक्का धरला. पण वरून कोणी आलंच नाही. नंदा तशीच उभी, सुटलेला हात पुढे धरून. ती मुलगी मला फरफटत घेऊन गेली आणि रेषेला बोटं टेकवली.

सर पाठ फिरवून पुढे चालू लागले. ते फार वाईट. परत येताना नंदा एवढंच म्हणाली, "सांगायचं तरी होतंस." कधी सांगणार होते मी? तिला तोंडावर ओरडून बोलले. आता वाटतंय, तिचं काय चुकलं? तिला जे शिकवलं ते तिने केलं. मलाही जे शिकवलं तेच मी केलं.

कोपर सोललंय. आईने हळद लावली. दादा (माझे वडील) म्हणाले, "मॅट्रिकला कबड्डीचे मार्क धरत नाहीत." हे ते दर वेळी म्हणतात, जिंकून आले तरी.

मंगळ. ७ डिसें.

सरांनी ऑफिसबाहेर बोलावलं. "दोन डगरींवर पाय ठेवून चालत नाही. तू शाळेची मुलगी आहेस, हे तुला कळत असेल अशी आशा आहे." कळतं, म्हटलं. "मग झालं तर." काय झालं, ते मला कळलं नाही.

संध्याकाळी तात्यांना सांगितलं. ते चाकात हवा भरत होते. "सर लोकांचं मनावर घेऊ नको. शाळा अजून दीड वर्षं, मंडळ कायमचं." त्यांचंही झालं.

गुरु. ९ डिसें.

मोठी बातमी. पंचवटीत महिलांच्या खुल्या स्पर्धा. जिल्ह्याच्या संघाची निवड करणारे तिथे बसणार, आणि तिथे दिसेल तीच राज्य स्पर्धेला जाणार. तात्यांनी सांगितलं तेव्हा मी ऐकत उभी राहिले आणि पायाला मुंग्या चावत होत्या तरी हलले नाही. मला जायचंय. आजपर्यंत कशासाठी एवढं जायचं नव्हतं. जिल्ह्याचा बनियन, मागे नंबर. बस.

शनि. ११ डिसें.

सरांनीही शाळेचा संघ त्याच स्पर्धेत घातला! खुल्या गटात! बायकांच्या समोर! दहावीच्या पोरी घाबरल्यात. सर म्हणाले, "लोकांना कळू दे शाळेत काय शिकवतात." लोकांना म्हणजे तात्यांना. मला बघून मान हलवली, म्हणजे तू आहेसच.

तात्याही म्हणाले, "गुडघ्याला पट्टी घे बरं का." म्हणजे तिथेही मी आहेच.

मी दोन्हीकडे गप्प. कोणी विचारलं असतं तर बोलले असते. आपणहून काय बोलणार, आणि कोणाशी? एकाशी बोललं की दुसरा गेला.

सोम. १३ डिसें.

मधल्या सुट्टीत नंदा आली. त्या शनिवारनंतर धड बोलत नव्हती. म्हणाली, "ते घोट्याचं मला शिकव." मी म्हटलं, सर मारतील. "सरांना कोण सांगतंय?"

शाळा सुटल्यावर तिच्या घरामागे, गाईच्या गोठ्याशेजारी. आधी तिला झेप टाकायची भीतीच वाटत होती, नुसती खाली बघत राहायची. मग शेणातच पडली आणि दोघी हसून हसून खाली बसलो. नंतर मी झेप टाकली की वरून कसं यायचं तेही दाखवलं. शेवटी चांगलंच यायला लागलं. आज पहिल्यांदा वाटलं की डोक्यात एकच खेळ आहे.

शुक्र. १७ डिसें.

सामन्यांच्या जोड्या लागल्या. आमच्या गटात पहिलाच सामना: शाळा विरुद्ध मंडळ.

हसावं की रडावं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग तर बरंच, कोणीही जिंकलं तरी तू जिंकलीस." आई, तुला कबड्डी कळत नाही.

रवि. १९ डिसें.

आत्ताच लिहून काढते.

मैदानावर पोचले तर पंच माझं नाव पुकारत होते. दोन्ही याद्यांत मी. सरांनी लिहिलेली, तात्यांनीही लिहिलेली. दोघांपैकी एकानेही मला विचारलं नव्हतं आणि आता दोघंही माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच फसवलंय.

सर: "विद्यार्थिनी शाळेचीच असते."
तात्या: "तीन वर्षं घडवलीय मी तिला. माझ्या पदरच्या पैशाने फिरवलीय."
पंच: "भांडण बाहेर करा. आज ही कोणाकडूनच खेळणार नाही. बुधवारपर्यंत तिने स्वतः येऊन एक नाव सांगावं. गटातले पुढचे सामने त्या संघाकडून खेळेल. नाही सांगितलं तर स्पर्धेतून बाद."

निवडीवाले समोर खुर्च्यांवर चहा पीत होते. त्यांनी मला पाहिलं ते हे असं.

रेषेबाहेर बसून सामना पाहिला. मंडळ जिंकणार हे दिसतच होतं, शांताताईपुढे शाळेच्या पोरी म्हणजे काय. पण मधेच शांताताई चढाईला आली, नंदाच्या बाजूला वळली, आणि नंदाने शेजारणीचा हात सोडून तिचा घोटा धरला. सगळ्या पोरी वरून पडल्या. शांताताई बाद! मी उठून ओरडले. नंतर मंडळाच्या पोरींनी शाळेवर लोण चढवला, सगळ्याच्या सगळ्या बाद केल्या, तेव्हाही ओरडले. शेजारची बाई म्हणाली, "तू नेमकी कोणाची गं?" मला इतका राग आला की उठून दुसरीकडे जाऊन बसले.

शाळा हरली. सर मात्र नंदाकडे बघत राहिले होते, हे मी पाहिलं. तिला रागावले नाहीत.

सोम. २० डिसें.

दादांना विचारलं. "सर सांगतील तसं कर." सरांना भेटले. "पूर्ण विचार करून सांग," म्हणाले, आणि मग काय विचार करायचा तेही सांगितलं. तात्यांच्या दुकानावरून दोनदा गेले. त्यांनी वर बघितलंच नाही. नंदा म्हणाली, "तू मंडळात जा, तिथूनच निवड होईल तुझी." हे म्हणताना ती वहीवर रेघोट्या मारत होती. ती असं म्हणाली म्हणून उलट शाळेकडेच जावंसं वाटायला लागलं. काय करू मी.

मंगळ. २१ डिसें.

आज सराव नाही केला. कुठलाच.

संध्याकाळी शांताताई आली. गिरणीतून येत होती, पिठाचा डबा काखेत, केसांवरही पीठ. रविवारी नंदाने धरलेला पाय अजून लंगडतोय. आत आली नाही, दारातच टेकली. मी विचारलं, तात्यांनी पाठवलं का?

"तात्याचं काय घेऊन बसली? मी आपली आली. तुला कुठं खेळायचंय ते सांग मला. मला कोणी कधी इचारलं नाय. लगीन ठरलं तवाबी नाय आन मंडळात घेतलं तवाबी नाय. म्हून म्हटलं आपण इचारावं."

तीन आठवडे ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. उत्तर तयार असेल असं वाटलं होतं.  पण तोंडाला जे आलं ते बोलून टाकलं: "मला एका बाजूला नंदा पाहिजे आणि एका बाजूला तू."

ती हसली नाही. डबा दुसऱ्या काखेत घेतला. मग म्हणाली, "अगं, कोपऱ्यावाली ना तू? कोपऱ्याला शेजारीण एकच राहती. दुसऱ्या अंगाला रेष."

दिवे लागले होते, स्वैपाक पडला होता, म्हणून ती गेली. उंबऱ्यावर थोडं पीठ सांडलं होतं, ते आईने झाडलं.

उद्या बुधवार.