जीपमध्ये मी घातलेलं ऑईल

अहो,

जीप सुरू करू नका. आधी हे पूर्ण वाचा, मग काय रागवायचं ते रागवा.

दारापुढच्या खळ्यात जीपखाली राख मीच पसरलीय. राखेखाली ऑईलचे डाग आहेत. तुम्ही मुंबईला गेला होतात तेव्हा मी ऑईल बदललं आणि तुमच्या नेहमीच्या साध्याऐवजी महागातलं सिंथेटिक घातलं. आपल्या मनस्वीचे दिवस भरत आलेत, म्हटलं पोरीला खारीक-बदाम देतोय तर जीपलाही काही बरं मिळूदे. मी शिकले व्हिडिओ बघून, आणि त्यात तीन लाख किलोमीटर पळालेल्या इंजिनाबद्दल कोणी बोललंच नव्हतं. मेकॅनिक फोनवर म्हणाला, नव्या ऑईलने आतला जुना मळ धुऊन निघाला, आणि झिजलेले सील त्या मळाच्याच आधाराने टिकून होते, आता तिथूनच ऑईल गळतंय. हे तो जीपबद्दल म्हणाला, आपल्या दोघांबद्दल नाही.

साधं जाड ऑईल आणि मेकॅनिक, दोन्ही आणायला मी गुहागरला जातेय. दुपारपर्यंत येते. तोवर मनस्वीला कळा सुरू झाल्या तर शेजारच्या रितेशची व्हॅन न्या, त्याला सांगून ठेवलंय. ‘दारात जीप असताना दुसऱ्याची गाडी कशाला’ हे आज नको. मागच्या बाळंतपणाला तिला घेऊन आपण याच जीपमध्ये चढावर अडकलो होतो. पुढचं मी लिहीत नाही.

तिने विचारलं तर मासळी आणायला गेलेय म्हणा. आणि जीपखाली वाकून बघत बसू नका, तिच्याजवळ बसा.

चिमा