साबणाच्या महालक्ष्म्या

५ सप्टेंबर १९८३, सोमवार
नोकरी लागली. पार्ट-टाइम. धवला कंपनीच्या धुण्याच्या वड्या दुकानांत पुढे मांडायच्या, पोस्टर चिकटवायचं. नागपूरचे ताराचंद साहेब म्हणाले, महालक्ष्म्यांपर्यंत खप वाढला तर परमनंट. वाढणारच. मग अख्खा जिल्हा माझ्याकडे. गिरडपर्यंत फिरावं लागेल; छत्री दुरुस्त करावी.

८ सप्टेंबर
हरिदासच्या किराण्यात ढीग रचला. गिऱ्हाइकानं खालची वडी ओढली, सगळा त्याच्या पायावर. चूक गिऱ्हाइकाची. पुडीच्या कागदावर वाचलं : दुकान सजवणं ही कला आहे. पुढचं फाटलं होतं. मला तेवढं पुरे.

१० सप्टेंबर
जाऊ पंचफुलाचा निरोप, पुरण वाटायला या. हे असताना घरच्या महालक्ष्म्या मीच बसवायची. आता ती बसवते. मला वाईट वाटत नाही. तिला निऱ्या जमत नाहीत, एवढंच.

१४ सप्टेंबर, दुपार
कल्पना सुचली आणि लगेच केलीही. वड्यांचे दोन मनोरे. वर पोस्टरातल्या हसऱ्या बाईचे चेहरे कापून लावले. एकीला हिरवं लुगडं, दुसरीला ट्रंकेतला माझा शालू. हे गेल्यापासून घडी मोडली नव्हती. हरिदास बघतच राहिला. कौतुकानं असणार.

१५ सप्टेंबर
दुकानात रांग. बायका चपला बाहेर काढून आत येतात. माल इतका स्वच्छ वाटतो. कोणी फुलं वाहिली, कोणी हळदकुंकू, एकीनं ओटी भरली. जाहिरातीवर एवढी माया नागपुरातही नसेल. परमनंट झाले की सायकल मागायची. आधी शिकायची.

१६ सप्टेंबर
साहेब आले, खप विचारला. हरिदास म्हणाला, "साहेब, लक्ष्मीनं कोनी लुगडे धुते का? एक वडी नाई खपली. बाया मले बी हात लावू देऊन नाई राह्यल्या." दोन दिवस सगळ्यांनी मागच्या फळीवरचा दुसरा साबण नेला. साहेबांनी मला उद्यापासून येऊ नका म्हटलं. चपला घालून आत आले म्हणून बायकांनी आधी त्यांनाच बाहेर काढलं.

रांगेत पंचफुला होती. निऱ्या कोणाच्या, तिनं विचारलं. हरिदासनं माझ्याकडे बोट केलं. तिनं शालूची एक निरी बोटानं चाचपली. मग म्हणाली, "जाऊबाई, पुढल्या साली घरच्या तुम्हीच बसवजा."
विचार करून सांगते म्हटलं. कामाचा व्याप असतो.

१८ सप्टेंबर, रविवार
कुंकू लागलेल्या वड्या कंपनीनं परत घेतल्या नाहीत. हरिदासनं पोतं भरून माझ्याकडे आणून टाकल्या. शालूलाही कुंकवाचा डाग पडलाय. सकाळपासून धवलानं घासतेय. निघत नाही.
साबण तसा बेताचाच.