आई इतकी गोड कधी लिहायला लागली?

प्रिय धाकट्या,

ताईचं पत्र, तेही कुरियरने, बघून तू आधी मला फोन लावायला निघाला असशील. थांब, आधी वाच. मेसेज केला असता तर तू जोडलेले हात पाठवून मीटिंगला गेला असतास. शिवाय आई सध्या माझ्याकडे आहे, माझा फोन उघडून बघते.

गेल्या महिन्यात तू म्हणालास, "ताई, आपली आई एकदम समंजस झाली गं!" मीही हसले होते. तिचे जुने मेसेज आठव. शिवणाच्या दुकानातून, तोंडात टाचण्या धरून लिहिलेले. ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. 'मेल्या जेवलास का फोन का उचलत नाहीस तुझ्या साहेबाचा नंबर दे बघतेच त्याच्याकडे'. बोलायची तशीच लिहायची, एका दमात. आणि आता? 'मी ठीक आहे. काळजी घे. तुझा दिवस आनंदात जावो.' आईने जन्मात कुणाला असं म्हटलंय का रे? पण हल्ली सगळेच असं लिहितात, तीही शिकली असेल, असं मी धरून चालले. फोन मात्र उचलेना. का, म्हणून विचारलं की उत्तर यायचं, 'कामात आहे.'

गेल्या आठवड्यात न सांगता दुकानात गेले. ती मशीनपाशी बसून तुलाच लिहीत होती. मी मागे उभी राहिले. एक अक्षर दाबलं की फोन आपणहून वरच्या पट्टीत तीन शब्द दाखवायचा. त्यातला एक ती निवडायची. पुन्हा तीन, पुन्हा एक. तिचा स्वतःचा शब्द एकही नाही. तू विचारलं होतंस, 'माझ्याकडे येतेस? तिकीट काढू?' फोनने 'हो' पुढे केलं, तिने दाबलं. मग 'नक्की' आलं, तेही दाबलं. आणि तू काढलंस तिकीट! एकटीचं, वाटेत विमान बदलायचं.

मी कात्री उचलून तिच्यासमोर धरली. म्हटलं, "आई, फोन ठेव. तोंडाने सांग, हे काय आहे?" तिचे ओठ नुसतेच हलले. "ते... कापायचं... चमचा." चुकलं हे तिचं तिलाच कळलं. गळ्यातली मापाची टेप तिने माझ्या अंगावर भिरकावली. मग माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले, आणि कसंबसं म्हणाली, "धाकटा... नको." तुला सांगायचं नाही. मी मान डोलावली. डोलावली नसती तर ती दवाखान्यात आलीच नसती.

मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ आहे. पुढच्या बुधवारी ऑपरेशन. नंतर बोलणं किती राहील, डॉक्टर सांगू शकत नाहीत. म्हणून दिलेला शब्द मोडून लिहितेय. ते तिकीट रद्द कर आणि तूच ये. 'मला कळलंय' असं तिच्या फोनवर लिहू नकोस. तो बिचारा काहीतरी गोड उत्तर देईल. आज सकाळी मी तिला चहा दिला, थोडा गार झाला होता. तिने कप सरकवला, शब्दासाठी बराच वेळ धडपडली आणि म्हणाली, "हे... बर्फ... तूच पी!" स्वयंपाकघरात जाऊन मी रडले, हसलेसुद्धा. असं अजून थोडं उरलंय, धाकट्या. मंगळवारच्या आत दारात उभा राहा. का आलास म्हणून ती तुला झाडेल. मध्ये बोलू नकोस, शब्द सुचवू नकोस. कितीही वेळ लागला तरी तिचं तिला पुरं करू दे.

वाट बघणारी,
तुझीच ताई