आठशेचा सप्लाय

३ तारीख, सोमवार
आलो एकदाचा. काकांनी बंद पडलेल्या लॉन्ड्रीच्या मागची खोली दिलीय. खिडकी, कॉट, आणि शेजारच्या हॉलमध्ये आमची खाण. म्हणजे कॉम्प्युटरला अखंड गणितं सोडवायला बसवायचं आणि त्यातून डिजिटल नाणी काढायची. मशीन जुळवायचं काम माझं. कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा वडील म्हणाले होते, तुला कोण दारात उभं करणार? आता बघा म्हणावं. जम बसला की ठिणगीला सरळ मागणी घालणार. ठिणगी हे नाव तिला मुळीच आवडत नाही, म्हणून तर ठेवलंय.

५ तारीख, बुधवार
पार्ट निवडले. गणितं सोडवणारं एक ग्राफिक्स कार्ड दोनशे वॅट खातं. सहा कार्डांचे बाराशे, बोर्ड आणि पंखे वेगळे. वर थोडी मोकळीक हवी, म्हणून सोळाशे वॅटचा सप्लाय, म्हणजे कार्डांना वीज पुरवणारा डबा, सांगितला. काकांनी आठशेचा आणला, तोही वापरलेला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, काका, हा पहिल्याच दिवशी मान टाकेल. काका हसले. म्हणाले, बसव तर खरं, तू आहेस ना, पुरेल.

७ तारीख, शुक्रवार
पुरला. सहाही कार्डं सुसाट. मग प्लगला मीटर लावला, तर भिंतीतून येतायत जेमतेम साडेसातशे. बाकीचे कुठून येतायत? काकांनी चोरून दुसरी लाइन ओढली असणार, आणि ओढली तर इथलं वायरिंग बघणाऱ्या वायरमननेच. त्याची गचांडी धरली, नको नको ते बोललो. तो चिडला नाही. मला म्हणाला, मशीनचा सांगाडा तूच उचल, तूच बघ. एकच वायर निघाली. मग कॉलर सारखी करत म्हणाला, तुझ्या आधीचाही असाच माझ्या अंगावर आला होता. आला तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं लागत नव्हती. गेला तेव्हा शर्ट हँगरला अडकवल्यासारखा दिसत होता.
मला घाबरवायला बघतो. त्याला माझी जागा हवी असेल.

१० तारीख, सोमवार
हॉलची भट्टी व्हायला हवी होती. उलट गार आहे. स्वेटर घालून बसतो. दोनदा जेवूनही पोटात खड्डा. पट्ट्याला नवं भोक पाडलं. काका म्हणाले, प्रेमात माणूस वाळतोच.
प्रेमाचं काकांना कुणी सांगितलं? परवा माझा फोन मागून नेला होता, तेव्हा काय काय बघितलं?

१२ तारीख, बुधवार
चहाला बाहेर पडलो. परत आलो तर चार कार्डं बंद. उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि पंखे एकेक करून फिरायला लागले. बाहेर गेलो, थांबले. आत आलो — फिरले.
वायरमन बघत होता. म्हणाला, आजच्या आज नीघ.

१३ तारीख, गुरुवार
बॅग भरली. उचलवेना. काकांना तोंडावर सांगितलं, चाललो मी. त्यांनी समजूत घातली. म्हणे एकट्यावर ताण येतोय, दोन सप्लायची जोडी लावू, भार निम्मा होईल. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. राहिलो.
गाढव आहे मी.

१४ तारीख, शुक्रवार
आणखी सहा कार्डं आली. सप्लाय नाही. विचारलं, दुसरा कुठाय? काका म्हणाले, दुपारपर्यंत येतेय.
येतेय.
सप्लाय येतोय. येतेय नव्हे —
ठिणगीला फोन लावतोय. उचलत नाही. काकांनी तिला काय सांगितलं? नोकरी? की मी आजारी आहे म्हणून —

दुपार
खिडकीतून दिसली. तीच. काका तिची बॅग घेऊन पुढे. हाक मारली, आवाज फुटला नाही. मेन स्विच पाडला. संपलं म्हटलं —
पंखे थांबले नाहीत. आता सगळंच माझ्यातून —
बोटं वळत नाहीत —
दारात आली. नको. आत नको. उंबरा —
आली.
बाराही पंखे.
हाताला ऊब येतेय. किती दिवसांनी. अक्षर बघा, सरळ येतंय. ती माझ्याकडे बघून रडतेय, विचारतेय, इथे एवढं गार का, आपण बाहेर जाऊन बोलूया का. काका माझ्याकडे बघतायत. मी तिला म्हटलं, बाहेर कशाला, बस इथेच, माझा स्वेटर घाल.