पाच नंबरचा पंप

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हे पत्र फाडायला तुझे हात शिवशिवले असतील. फाड, पण वाचून फाड.

गेले आठ दिवस मला स्वतःची शिसारी आलीय. कंट्रोल रूममध्ये समोर शहराला पाणी सोडणाऱ्या पाच पंपांचे पाच हिरवे दिवे, काही झालंच नाही असे. तुझ्या पाच नंबरवर आता दुसरा ऑपरेटर बसतो. तो तोंडातून ब्र काढत नाही, म्हणून साहेब त्याच्यावर खूश आहेत.

तो नियम माझा, तुला ठाऊकच आहे. पाचही पंपांनी एकमेकांना पाण्याचा दाब कळवायचा आणि मिळून वेग ठरवायचा. कुणी हॅकरने घुसून एखाद्या पंपाला खोटं बोलायला लावलंच, तर बाकीच्यांनी तो वेगळा आकडा सोडून द्यायचा. तुझ्या ओट्यावर पाच वाट्या मांडून मी हे तुला समजावलं होतं. चौघं खोटे निघाले तर, असं तू विचारलंस. एवढे कष्ट कोण घेतंय, म्हणून मी हसण्यावारी नेलं.

गेल्या मंगळवारी दुपारी हॅकरांनी तेवढे कष्ट घेतले. चार पंप फितवले. चौघं म्हणाले दाब कमी आहे, तुझा एकटा म्हणाला वाढतोय, आणि माझ्या नियमाने तुझ्याच पंपाला खोटं ठरवलं. चौघं आणखी जोर लावत राहिले. तू तीनदा फोन केलास. तुझंच मीटर बिघडलंय, असं मी तिन्ही वेळा ऐकवलं. शेवटी तू तुझा पंप नेटवर्कमधून तोडून हाताने बंद केलास, म्हणून एकच पाइप फुटण्यावर निभावलं. तरी प्रसूतिगृहाच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी शिरलं आणि एका दिवसाची बाळं उचलून जिन्याने वर न्यावी लागली.

चौकशीत बाकीच्या चारही पंपांच्या ऑपरेटरांनी साहेबांची री ओढली: ताईंनी पंप तोडला म्हणून पाइप फुटला. किळस आली मला त्यांची. आणि पाचवी सही माझी. तुझा फोन आलाच नाही, असं मी लिहून दिलं. आईच्या मागे मला वाढवलंस तू, आणि मी तुझ्याच वेळी शेपूट घातलं.

परवा तुझ्या नोकरीचा निकाल लागणार आहे. कंट्रोल रूमचे फोन रेकॉर्ड होतात, हे साहेब विसरले. मी विसरलो नव्हतो, नुसता गप्प बसलो होतो. आज सकाळी ते रेकॉर्डिंग मी चौकशी समितीला दिलं, माझा जबाब खोटा होता हे लिहून. सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये त्याची प्रत आहे. ऐकशील तर शेवटपर्यंत ऐक. तिसऱ्यांदा फोन नीट ठेवला गेला नव्हता. आमची ताई लहानपणापासून अशीच, सगळ्यांच्या उलट बोलणारी, असं मी शेजारच्याला म्हणतो आणि सगळे हसतात. माझं हसू सगळ्यांत मोठं आहे. तेवढं कापून टाकता आलं असतं. नाही कापलं.

तू ठेवलेल्या नावाला न शोभलेला, तरी तुझाच,
शहाण्या